समीकरणाची विरळणी

एक्स खाली, ओळीत असला की मला त्याचं काही वाटत नाही. दोन एक्स अधिक पाच बरोबर अकरा, असल्या गणितात तो बिचारा बाकीच्यांसारखा रांगेत उभा असतो. हाताला धरून बाजूला काढायचा आणि विषय संपवायचा. पण तोच एक्स एखाद्या आकड्याच्या डोक्यावर, उजव्या कोपऱ्यात, बारीक होऊन जाऊन बसला की माझ्या पोटात गुदगुल्या सुरू होतात. आता तो घातांक झालेला असतो. दोनच्या डोक्यावर तीन बसला तर दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठ. दहा बसला तर हजाराच्या वर. वीस बसला तर दहा लाखांच्या वर! एवढासा जीव, आणि खालच्याला कुठल्या कुठे नेऊन सोडतो. अकरावीच्या मुलांना हे सांगताना मी दरवर्षी नव्याने खुळावते आणि मुलं एकमेकांकडे बघून हसतात. हसोत बापडी.

हे सगळं चालायचं ते नाशिकला, आमच्या इंदिरानगरच्या घराच्या हॉलमध्ये. मी तिथे गणिताचे क्लास घ्यायचे. सुरुवातीला शेजारच्या दोन मुली यायच्या, मग त्यांच्या मैत्रिणी, मग मैत्रिणींचे भाऊ. सोफा आतल्या खोलीत गेला, टीव्ही त्याच्या मागोमाग गेला, आणि हॉलमध्ये भिंतभर पांढरा फळा आणि हाताशी लिहायची फळी असलेल्या खुर्च्या आल्या. बाबा पेपर वाचायला गॅलरीत बसायला लागले. आईने तेवढी कुंडीतली तुळस हलवू दिली नाही.

माझं लग्न या फळ्यामुळे अडलंय, असं आईचं ठाम मत होतं, आणि ते अगदीच चुकीचं नव्हतं. बघायला येणारी माणसं पोहे खायची, फळ्याकडे बघायची, आणि मग कुणीतरी हळूच विचारायचं, "लग्नानंतर हे चालू ठेवणार का?" मी हो म्हणायचे. मग ती माणसं पाणी पिऊन उठायची. माझी एकच अट होती. घर कुठलंही असो, माणसं कशीही असोत, क्लास राहणार. दागिने नकोत, थाटमाट नको, एवढी सुटसुटीत मुलगी शोधून सापडायची नाही, असं मी आईला सांगायचे. त्यावर आई जे बोलायची ते इथे लिहीत नाही.

मग अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी तपासणाऱ्या मुलाचं स्थळ आलं. घर निफाडजवळच्या गावात, द्राक्षाचा मळा, आईवडील शेतीत. वडिलांचे धाकटे भाऊ लासलगावला कांद्याचे व्यापारी. मी त्याचा फोटो बघितला आणि माझी पंचाईत झाली, कारण तो मला आवडला. का ते सांगता येणार नाही. कान जरा मोठे होते आणि फोटो काढणाऱ्याने काहीतरी विनोद केल्यासारखा तो हसू दाबत होता. एवढ्यावर कुणी माणूस आवडून घ्यावा का? पण घेतला. घरात मी कुणाला कळू दिलं नाही. आधीची माणसं उठून गेली तेव्हा मला हायसं वाटलं होतं. हा उठून गेला तर तसं वाटणार नव्हतं, आणि क्लास सोडायची तर माझी मुळीच तयारी नव्हती. म्हणून या वेळी पहिल्यांदाच मला भीती वाटत होती.

"बाबा, मंडळी बसली की पहिलं क्लासचं बोला," मी आदल्या दिवसापासून त्यांच्या मागे लागले होते.

"पहिलं तेच बोलतो," बाबा म्हणाले. "पोह्यांच्या आधी."

रविवारी मंडळी दुपारी येणार होती, म्हणून सकाळची बॅच मी सोडली नाही. त्या दिवशी घातांकांची समीकरणं होती, मला चेव चढला होता, आणि शेवटचं गणित मी टेबलावरचा हाताला लागेल तो मार्कर उचलून फळ्यावर ठसठशीत लिहिलं:

४ˣ − १२ × २ˣ + ३२ = ०

मुलं गेल्यावर पुसायला गेले तर ते पुसेना. तो मार्कर डबे-बाटल्यांवर नावं घालायचा, पक्क्या शाईचा होता. पांढऱ्या फळ्यावर शिकवणाऱ्या प्रत्येकाकडून ही चूक कधी ना कधी होते, आणि तिच्यावर उपायही असतो: साध्या मार्करने त्याच अक्षरांवरून गिरवायचं आणि ओलं असतानाच पुसायचं. मी गिरवायला घेतलं आणि दाराशी गाडीचा हॉर्न वाजला. मंडळी दीड तास आधी आली होती.

"बाजारात उशिरा गेलं की आपली गाडी मागं राहती," काकांनी आत येता येता खुलासा केला. "सवयच लागलीया."

आईने क्षणाचाही विलंब न लावता आतल्या दिवाणावरची नवी फुलाफुलांची चादर ओढली आणि कपड्यांचे चिमटे लावून फळ्यावर टांगली. मी आत पळाले. साडी नेसायला वेळ नव्हता, म्हणून जो ड्रेस अंगावर होता त्याच्यावर ओढणी घेतली. बोटांना शाई होती ती तशीच राहिली.

बाहेर आले आणि मला हसू आवरेना. निफाडहून मोठ्या गाडीतून आलेलं अख्खं गोत माझ्या क्लासच्या खुर्च्यांवर ओळीने बसलं होतं. प्रत्येकाच्या पुढ्यातल्या लिहायच्या फळीवर पोह्यांची बशी, आणि सगळ्यांची तोंडं फळ्याकडे. पहिल्या रांगेत मुलाचे वडील, उंच, पांढरा शर्ट, हात मातीत काम करणाऱ्याचे. त्यांच्या शेजारी काका, दोन खुर्च्यांना पुरतील एवढे. दुसऱ्या रांगेत मुलाची आई, डोक्यावरून पदर, आल्यापासून एक शब्द न बोललेली. आणि तिच्या मागे, भिंतीला टेकून, तो. कान फोटोतल्यापेक्षा मोठे होते. मी फळ्याजवळ उभी, ते सगळे बसलेले. हजेरी घ्यावी असं मला मनापासून वाटलं.

काकांनी पोह्यांचा एक घास घेतला, चावता चावता थांबले आणि आईला म्हणाले, "वहिनी, कांदा उन्हाळ हाय ना? पण भिजलेल्या गोणीतला हाय. पुढच्या टायमाला आमच्याकडून घ्या."

आई पुढचा टायम या शब्दाने इतकी खूश झाली की कांद्याचा अपमान तिने गिळून टाकला.

तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्याने चादर फुगली, एक चिमटा उडाला, दुसरा सुटला, आणि फुलाफुलांची चादर सळसळत खाली आली. मागे माझं समीकरण, काळंभोर, भिंतभर. चार, बारा, दोन, बत्तीस, आणि डोक्यावर बसलेले दोन एक्स.

"हे काय हाय?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

हीच ती वेळ होती. मी बाबांकडे बघितलं. बाबांनी घसा खाकरला, खुर्चीत पुढे सरकले, आणि म्हणाले, "शिकवण्या घेते हो थोड्याफार. वेळ जातो तिचा."

वेळ जातो! माझ्या कानशिलांतून वाफ निघाली. आमच्या घरात मी रागीट म्हणून ओळखली जाते आणि ते खरंही आहे, पण राग आला की मी भांडत नाही, शिकवायला लागते. आईला हे ठाऊक असल्यामुळे ती डोळ्यांनी मला खुणा करत होती. मी तिकडे बघितलंच नाही.

"मंग आमाला बी शिकव की," काका मजेत म्हणाले. "येतं का बघू."

"येईल की," मी म्हटलं आणि साधा मार्कर उचलला. "हा एक्स म्हणजे एक लपलेला आकडा. तो चारच्या डोक्यावर बसलाय, म्हणजे चारला चारने तितक्या वेळा गुणायचं. इकडे दोनच्याही डोक्यावर तोच बसलाय. सगळं मिळून शून्य यायला पाहिजे. तर एक्स किती?"

कुणीतरी बारा आणि दोन गुणून चोवीसचा घात एक्स असं पुटपुटलं, आणि मी इतक्या जोरात "नाही!" म्हटलं की बशी वाजली. बाराच्या डोक्यावर कुणी बसलेलं नाही, त्याला दोनच्या घरात घुसवायचं नाही. हे मी दरवर्षी मुलांना सांगते, दरवर्षी निम्मी बॅच घुसवते.

काका मात्र उभे राहिले होते. त्यांनी बाह्या वर केल्या आणि मला कळलं की आता काय होणार. लासलगावच्या बाजारात ट्रॅक्टरच्या रांगेतून चालत कांद्याची बोली लावण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला समोर एक झाकलेला आकडा दिसला होता. तो माणूस सूत्र कशाला शोधेल?

"दहा!" काकांनी पुकारलं.

मी फळ्यावर दहा घातला. चारचा दहावा घात, त्यातून बारा वेळा दोनचा दहावा घात वजा, वर बत्तीस. "दहा लाख छत्तीस हजार तीनशे वीस," मी म्हटलं.

"आऽऽ!" अख्खी खोली हरखली. मुलाच्या वडिलांनी सुद्धा बशी खाली ठेवली. एवढ्याशा दहाने एवढं केलं! मला त्या क्षणी सगळ्यांचे मुके घ्यावेसे वाटले. घातांकाचं हेच तर सुख आहे, आणि ते या माणसांना पहिल्याच फटक्यात कळलं होतं, जे कळायला माझ्या बॅचला दिवाळी उजाडते.

"पण काका, शून्य पाहिजे," मी म्हटलं.

"म्हंजे भाव पाडायचा. त्यात काय, पडणारा भाव आमी रोज बघतो. पाच!"

"सहाशे बहात्तर."

"चार!"

"शहाण्णव."

"आलाऽ खाली!" मागून आरोळी आली. खुर्च्या पुढे सरकल्या. आई स्वयंपाकघराच्या दारात झारा घेऊन उभी होती आणि बाबा, ज्यांनी माझा एकही तास कधी बसून ऐकला नव्हता, ते बोटांवर काहीतरी मोजत होते.

"तीन!" काका ओरडले. "तीन, तीन, तीन!"

मी लिहिलं. चारचा तिसरा घात चौसष्ट. बारा आठे शहाण्णव. चौसष्टातून शहाण्णव गेले, उणे बत्तीस. वर बत्तीस अधिक. "शून्य!"

"सुटला!" काकांनी हात असा वर फेकला की ट्यूबलाइट थोडक्यात वाचली. "गाडी पुढं घ्या!" टाळ्या पडल्या. कुणीतरी मुलाच्या पाठीवर थाप मारली, जसं काही गणित त्यानेच सोडवलं होतं. मी सुद्धा टाळ्या वाजवत होते. हे म्हणजे जुगाडाचं गणित होतं, परीक्षेत चाललं नसतं, पण मला असा आनंद झाला होता की काय सांगू.

मग पहिल्यांदाच तो बोलला. "तीन," तो भिंतीजवळून म्हणाला. "अधिक-उणे किती?"

"म्हणजे?"

"टॉलरन्स किती आहे? म्हणजे, किती फरक चालतो? ड्रॉइंगवर टॉलरन्स लिहिलेला नसला की आम्ही पार्ट परत पाठवतो."

"इथे टॉलरन्स शून्य," मी म्हटलं. "तीन म्हणजे तीनच."

तो खरंच विचारात पडला. "मग कुठल्या मशीनवर करता?"

मी खुदकन हसले आणि मग मला थांबताच येईना. अंबडमध्ये दिवसभर सूक्ष्म फरक मोजणाऱ्या माणसाला असं काही जगात असेल, जे अगदी नेमकं तीन असतं, यावर विश्वास ठेवणं जड जात होतं. मी ठरवून टाकलं की याला हे पटवायला निदान काही वर्षं लागतील आणि ती माझी असावीत.

आणि त्याच आनंदाच्या भरात, सगळं इतकं छान चाललेलं असताना, मी म्हणून गेले, "पण काका, अजून एक उत्तर आहे."

काकांचा चेहरा पडला. "आता कसलं? बोली सुटली. गाडी पुढं गेली की तिच्यावर परत बोली लागत नसती."

बघा, हीच चूक. माझी मुलंही पहिल्या उत्तरावर थांबतात, पण ती आळसाने थांबतात. काका धर्माने थांबले होते. ज्या बाजारात एकदा शब्द गेला की गेला, तिथे दुसऱ्यांदा पुकारणं म्हणजे बेइमानीच. मी त्यांना समजवायला लागले. चार म्हणजे दोनचा वर्ग, म्हणून चारच्या डोक्यावर एक्स म्हणजे दोनच्या घाताचाच वर्ग. मग त्या दोनच्या घाताला घटकाभर वाय म्हणायचं. अवघड माणसाला टोपणनावाने हाक मारली की तो जरा सैल होतो, तसंच. वाय वर्ग उणे बारा वाय अधिक बत्तीस. आता हे नववीतल्या मुलालाही सुटतं: वाय चार, किंवा वाय आठ. आठवरून तुमचा तीन आला, आणि चारवरून...

"थांब, पोरी," मुलाचे वडील म्हणाले. ते आवाज न चढवता बोलत आणि सगळे गप्प होत. "म्हंजे एका गणिताला दोन उत्तरं."

"हो."

"एका काडीला दोन घड." ते फळ्याकडे बघत होते, वेलीकडे बघावं तसे. "आमच्याकडं काडीला दोन घड आले की एक काढून टाकतो. विरळणी म्हणतो आमी. दोन्ही ठेवले तर दोघांचे मणी बारीक राहत्यात. एक काढलं की दुसरं चांगलं पोसतं."

"गणितात काढता येत नाही. दोन्ही खरी आहेत."

"गणिताचं राहू दे. संसाराचं बोलतो." त्यांनी माझ्याकडे बघितलं. वाईट माणूस नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं, आणि त्यामुळेच जास्त लागलं. "तुजे बाबा म्हनले, वेळ जातो म्हणून शिकवण्या हायेत. आमच्याकडं वेळ जायला लय हाय. घर हाय, मळा हाय, पाव्हणेरावळे हायेत. शिकवण्यांचा घड काढला, की संसार पोसतो. आमाला पोरगी पसंत हाय. एवढंच आपलं म्हणणं."

झालं. तेच आलं, फक्त पाणी पिऊन उठण्याऐवजी पसंती देऊन आलं. बाबा उरलेल्या पोह्यांकडे बघत होते. मी भिंतीकडे बघितलं. तो ताठ उभा राहिला होता, कान लाल झाले होते, आणि काहीतरी बोलायला तोंड उघडून त्याने ते परत मिटलं. मला त्याचा भयंकर राग आला आणि तरी तो आवडेनासा होईना. दोन पावलांवर हवं ते सगळं होतं आणि अर्धं टाकून द्यायला सांगत होते.

अशा वेळी शहाण्या मुली खाली बघतात. मी फळ्याकडे वळले.

"टाकायची सुद्धा एक पद्धत आहे," मी मुलाच्या वडिलांना म्हटलं, आणि माझा आवाज मागच्या बाकापर्यंत जाणारा, क्लासमधला झाला होता. "कधीकधी उत्तर टाकावं लागतं. वाय उणे आलं असतं, तर मीच टाकलं असतं, कारण दोनच्या डोक्यावर कुणालाही बसवा, उणे कधी येत नाही. पण टाकायच्या आधी ते समीकरणात घालून बघायचं असतं! बसत नसेल तर टाकायचं. न बघताच टाकलं तर मी शून्य मार्क देते. घरच्यालाही देते आणि पाहुण्यालाही देते."

आईच्या हातातला झारा खाली पडला.

आणि मग दुसऱ्या रांगेतून बशी ठेवल्याचा आवाज आला. मुलाची आई उभी राहिली होती.

"खरं बोलती ती," त्या म्हणाल्या. "दुसरं कोनी घालून बघितलंच नाय."

"अगं, तू बस," मुलाचे वडील म्हणाले.

"बसते की. मला नर्सिंगला नंबर लागला व्हता नाशिकला. ठावं हाय ना तुमाला?" पदर डोक्यावरून खांद्यावर आला होता आणि त्यांनी तो सारखा केला नाही. "बॅग भरली व्हती मी. सासऱ्यांनी सांगितलं, नर्सिंग काढा, मंग संसार पोसंल. काढलं. घालून बघितलं नाय, दोन्ही बसत्यात का. आता एवढ्या वर्सांनी तुमीच सांगा, जे राहिलं ते लय पोसलं का?"

मुलाचे वडील खुर्चीच्या फळीवर बोट फिरवत राहिले.

"मी द्राक्षाचं बोलत व्हतो," ते शेवटी म्हणाले.

"मी बी द्राक्षाचंच बोलते."

आणि मुलाची आई रांगेतून वाट काढत फळ्यापाशी आली. त्यांनी माझ्या हातातून मार्कर घेतला. तो कसा धरायचा ते त्यांना पटकन कळेना, मग त्यांनी तो खडूसारखा धरला. "चारवरून कुठला आकडा आला, पोरी? सांगू नको. दोनला दोनने गुणलं की चार. म्हंजे डोक्यावर दोन."

"दोन," मी म्हटलं.

"मंग दोन घालते." त्यांनी लिहायला घेतलं. एकेक आकडा असा काढत होत्या, जसा तो तुटेल. "चार चोक सोळा. इकडं बारा चोक अठ्ठेचाळीस, ते गेले. वर बत्तीस आले." त्या थांबल्या. सगळे खुर्च्यांतून पुढे झुकले होते. मला उत्तर माहीत होतं आणि तरी वाटत होतं, न जाणो, या वेळी नाही आलं तर! "सोळा आणि बत्तीस... अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीसातून अठ्ठेचाळीस."

त्या आमच्याकडे वळल्या. चेहरा असा फुलला होता की त्या कॉलेजला निघालेल्या मुलीसारख्या दिसत होत्या.

"शून्य!" त्या म्हणाल्या. "बसतं की!"

काय गोंधळ झाला म्हणून सांगू. काकांनी आधी ओठ दाबून धरले, तत्त्वाचा प्रश्न होता, पण मग त्यांना राहवेना आणि "सुटला! हा बी सुटला!" म्हणून त्यांनी पुन्हा हात वर फेकला. टाळ्या, हशा, खुर्च्यांचे आवाज. शेजारच्या काकू काय झालं बघायला दारात येऊन उभ्या राहिल्या. आई रडत होती आणि हसत होती आणि सगळ्यांना आणखी पोहे वाढत सुटली होती. बाबा उठून मुलाच्या वडिलांजवळ गेले आणि, फार उशिरा पण अगदी स्पष्ट, म्हणाले, "वेळ जातो असं नाही हो. हे तिचं काम आहे. मी चुकीचं सांगितलं."

मुलाचे वडील बायकोकडे बघत होते. त्या अजून फळ्याजवळ, मार्कर हातात. ते बराच वेळ बघत राहिले, आपल्या मळ्यात आपणच लावलेली आणि कधी न बघितलेली वेल बघावी तसे. मग त्यांनी मान डोलावली.

"क्लास राहील," मुलाची आई त्यांना म्हणाली. विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. "संसार बी राहील. नाशकातच बिऱ्हाड करतील दोघं, अंबड काय लांब हाय? आपून मळा बघू."

"मी कुठं नाय म्हनलं?" मुलाचे वडील म्हणाले, आणि सगळे पुन्हा हसले, कारण आत्ताच तर म्हणाले होते.

आता पद्धत अशी, की मुलगा-मुलीला दोन मिनिटं गच्चीवर बोलायला पाठवायचं, मग मंडळींनी घरी जायचं, मग चार दिवसांनी फोन करायचा, आणि तोवर मुलीकडच्यांनी देवाला हात जोडायचे. आईने गच्चीची किल्ली आणलीही होती. पण माझ्या अंगात दहा लाख छत्तीस हजार तीनशे वीस चढले होते. मला चार दिवस थांबणं शक्यच नव्हतं, चार मिनिटंही शक्य नव्हतं.

"मला पसंत आहे!" मी मोठ्याने सांगून टाकलं. कुणी विचारलं नव्हतं. आणि माझ्या ध्यानात आलं, की मी हे सांगताना त्याच्या आईकडे बघत होते, त्यांच्या शाई लागलेल्या बोटांकडे.

"मी इकडे आहे," भिंतीजवळून आवाज आला.